रीफ टँकचा (कोरल, म्हणजे प्रवाळ, ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकचा) लाइट घरी बनवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा टँक तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच आहे. एलईडी लाइट घरीच बनवायचाय. ३ वॉटच्या एलईडी किती घेऊ, रंग कोणते, आणि घरात १२ व्होल्टचा एक अडॅप्टर पडून आहे तो चालेल का?

उत्तर : अडॅप्टरचं बघू नंतर. आधी टँकमध्ये काय ठेवणार ते ठरवा, कारण ते तुम्ही लिहिलंच नाहीये आणि बाकी सगळं त्यावरच आहे. मशरूम, लेदर, झोआन्थिड असले सॉफ्ट कोरल ५० ते १५० पारमध्ये मजेत राहतात (पार म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला कामी येणारा प्रकाश किती पोचतोय त्याचं माप), हॅमर, टॉर्च, फ्रॉगस्पॉन या एलपीएस (मोठ्या पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या) मंडळींनाही साधारण तेवढंच पुरतं, अ‍ॅक्रोपोरासारख्या एसपीएसला (छोट्या पॉलिपच्या, कठीण सांगाड्याच्या कोरलला) मात्र २०० ते ३५० लागतो. मी मिक्स टँक धरतोय, म्हणजे एसपीएस वरच्या दगडांवर आणि बाकीचे खाली. त्यासाठी ३६ एलईडी पुरे होतात. लोक ६०-७० लावतात आणि मग ३० टक्क्यांवर चालवतात, हौस म्हणून ठीक आहे.

३६ पैकी २४ निळ्या बाजूच्या घ्या : १६ रॉयल ब्लू (४५० नॅनोमीटरच्या आसपास), ४ ब्लू (४७०) आणि ४ व्हायोलेट (४२०). उरलेल्या १२ न्यूट्रल व्हाइट. निळ्यावर एवढा जोर कशाला, तर कोरलच्या आत राहणारं जे सूक्ष्म शैवाल आहे, झूझँथेली, त्याच्यातलं क्लोरोफिल आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं निळा प्रकाश सगळ्यात चांगला खेचतात, आणि समुद्रातही लाल रंग वरच्या काही मीटरमध्येच पाण्यात जिरतो, खाली पोचतो तो निळाच. शिवाय कोरलचे ते चमकणारे हिरवे-केशरी रंग निळ्याखालीच उठतात. वेगळ्या लाल एलईडी लावू नका, पांढऱ्यात असतो तेवढा लाल बास.

आता अडॅप्टर. तो व्होल्टेज स्थिर ठेवतो आणि पॉवर एलईडीला स्थिर करंट लागतो. एलईडी तापली की तिचं व्होल्टेज थोडं उतरतं, म्हणजे त्याच अडॅप्टरवर ती जास्त करंट ओढायला लागते, म्हणजे अजून तापते, आणि हे चक्र एलईडी जळेपर्यंत थांबत नाही. म्हणून कॉन्स्टंट करंट ड्रायव्हरच पाहिजे, यात काटकसर नको. मीन वेल कंपनीचा एलडीडी-७००एच हा चिमुकला ड्रायव्हर घरी बनवणाऱ्यांत फार चालतो. तो ७०० मिलीअँपिअर देतो, त्याला ९ ते ५६ व्होल्ट डीसी इनपुट चालतं, पण एलईडींना जेवढे व्होल्ट लागतात त्यापेक्षा इनपुटला निदान ३ जास्त पाहिजेत.

हिशोब करून बघा. पॉवर सप्लाय ४८ व्होल्टचा, त्यातले ३ गेले, राहिले ४५. एक एलईडी ७०० मिलीअँपिअरला ३.२ ते ३.५ व्होल्ट घेते, म्हणजे १२ एलईडी सिरीजमध्ये जोडल्या तर ३८ ते ४२, आरामात बसतात. १४ बसवायला गेलात तर ४५ ते ४९ होतात, मग कधी लागतील कधी मिणमिणतील आणि तुम्ही सोल्डरिंगला दोष देत बसाल. तर १२-१२ च्या तीन स्ट्रिंग (सिरीजमधल्या माळा), प्रत्येकीला स्वतःचा ड्रायव्हर, दोन निळ्या आणि एक पांढरी. तिन्हींचे मिळून ८०-९० वॉट होतील, ड्रायव्हरमधला लॉस वेगळा, म्हणून सप्लाय निदान १२० वॉटचा घ्या, सवड असलेला जास्त बरा. विकणाऱ्याने दिलेला डेटाशीट मात्र वाचा, विशेषतः व्हायोलेटचा, काही व्हायोलेट ७०० ला चालत नाहीत, त्या ५०० च्या असतील तर त्यांची स्ट्रिंग वेगळी करून कमी करंटचा ड्रायव्हर द्यावा लागेल. आणि स्ट्रिंगची निगेटिव्ह वायर आपल्याच ड्रायव्हरला परत यायला हवी, सप्लायच्या निगेटिव्हला जोडलीत तर ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा.

सोल्डर झाल्यावर वीज देण्याआधी मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा, एक प्रोब हीटसिंकच्या (एलईडींची उष्णता खेचून घेणाऱ्या पट्टीच्या) उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर आणि दुसरा एकेका एलईडीच्या पॅडवर. कुठेही बीप वाजला की तो स्टार बोर्ड (एलईडी ज्यावर बसवलेली असते ती छोटी चकती) उचला, बहुतेक वेळा सोल्डरचा एक बारीक थेंब कडेवरून खाली हीटसिंकला चिकटलेला असतो. अजून एक, सप्लाय चालू असताना एलईडीची वायर काढू-जोडू नका. उघड्या ड्रायव्हरचं व्होल्टेज वर चढून बसलेलं असतं, वायर टेकताच ते सगळं एलईडीवर येतं.

प्रश्न : डिमिंगसाठी (उजेड कमी-जास्त करायला) अर्डुइनो, म्हणजे प्रोग्रॅम करता येणारा छोटा कंट्रोलर बोर्ड, जोडलाय, पण बोर्ड काढला की लाइट बंद व्हायच्या ऐवजी फुल लागतो. ड्रायव्हर खराब आहे का?

उत्तर : नाही हो, तो तसाच बनवलेला आहे. एलडीडी-एचची डिमिंग पिन मोकळी सोडली की आउटपुट पूर्ण चालू, ग्राउंडला टेकवली की बंद. त्यामुळे वायर सुटली किंवा बोर्ड बिघडला तर टँक अंधारात जात नाही, १०० टक्क्यांवर जातो, आणि कोरलसाठी ते जास्त वाईट. डिमिंगची वायर पक्की स्क्रू टर्मिनलमध्ये बसवा, आणि मेन सप्लायला एक साधा टायमर वेगळा ठेवा म्हणजे अर्डुइनो झोपला तरी रात्री लाइट बंद होईल. पीडब्ल्यूएम (सिग्नल भराभर चालू-बंद करून डिमिंग करणं) फ्रिक्वेन्सीची काळजी नको, ड्रायव्हरला १०० ते १००० हर्ट्झ चालतं आणि अर्डुइनो ऊनोचं मूळचं ४९० च्या आसपास असतं. बोर्डचं ग्राउंड आणि सप्लायचं निगेटिव्ह एकत्र जोडायला तेवढं विसरू नका.

प्रश्न : नवीन लाइट लावून दोन आठवडे झाले, वरचा माँटिपोरा (एक एसपीएस कोरल) फिका पडत पांढरा व्हायला लागलाय. प्रकाश कमी पडतोय म्हणून ब्राइटनेस वाढवला, तर अजूनच बिघडलं.

उत्तर : लगेच कमी करा, आजच. प्रकाश कमी पडला तर कोरल सहसा तपकिरी होतो, कारण तो आतलं शैवाल वाढवून भागवायला बघतो. जास्त पडला तर शैवाल कमी होतं किंवा बाहेर टाकलं जातं आणि खालचा पांढरा सांगाडा दिसायला लागतो. निळा लाइट आपल्या डोळ्यांना मंद वाटतो, त्यामुळे नवीन एलईडीवाले जवळपास सगळेच जास्त देतात. सगळे चॅनेल (म्हणजे सगळ्या स्ट्रिंग) ३०-३५ टक्क्यांवर आणा, माँटिपोरा खालच्या दगडावर हलवा, दिवसाला ८ तास ठेवा आणि मग आठवड्याला ५ टक्क्यांहून जास्त वाढवू नका. ६० अंशांच्या लेन्स लावल्या असतील तर काढून बघा, दीड फूट खोलीला त्यांची गरजच नाही, त्या एका जागी झोत टाकतात आणि वाळूवर रंगीत सावल्या पडतात ते वेगळंच. पांढरेपणा वरच्या बाजूला न दिसता बुडापासून चढत असेल तर मात्र दोष लाइटला देऊ नका, आधी पाण्याची अल्कलिनिटी (कार्बोनेट-बायकार्बोनेटचं प्रमाण) मोजा.

प्रश्न : मोबाइलच्या लक्स अ‍ॅपने पार काढता येतो का?

उत्तर : निळ्या लाइटखाली नाही. लक्स माणसाच्या डोळ्याच्या हिशोबाने मोजतात, ५५५ नॅनोमीटरच्या हिरव्याला सगळ्यात जास्त वजन आणि ४५० ला अगदी थोडं, त्यामुळे आकडा फसवा येतो. पार मीटर विकत घेण्यापेक्षा कुणाचा तरी एक दिवस मागून आणा, दगडांवरच्या जागा मोजून कागदावर लिहून ठेवा, नंतर डिमिंगच्या टक्केवारीवरून अंदाज लागतो.

प्रश्न : लाइट पाण्यापासून किती वर ठेवू आणि काच लावू का?

उत्तर : २० ते ३० सेंटिमीटर वर, आणि टांगायचा असेल तर दोन वेगवेगळ्या आधारांवर. खाली पारदर्शक अ‍ॅक्रिलिकची पट्टी लावा, कारण खाऱ्या पाण्याचे तुषार सोल्डरचे जोड काही महिन्यांत हिरवे करून टाकतात, पण वरून आणि बाजूने हवा खेळू द्या, पंखा हीटसिंकवर वारा सोडेल असा बसवा. पट्टीवर मिठाचा थर साचतो, ती दर आठवड्याला साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसा. ४८ व्होल्टचा सप्लाय टँकच्या वर ठेवू नका, बाजूला ठेवा आणि त्याचं अर्थिंग जोडा. प्लगकडे जाणारी प्रत्येक वायर आधी सॉकेटच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या म्हणजे ओघळलेलं पाणी खाली टपकेल, आणि ज्या लाइनवर हे सगळं आहे तिला आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा स्विच) असू द्या, ३० मिलीअँपिअरचा.