बाईकच्या सायलेन्सरचा बोल्ट इंजिनच्या हेडमध्येच तुटला, आता काय?

आधी इझी-आउट (तुटलेला बोल्ट उलटा फिरवून काढायचा पेचदार खिळा) बाजूला ठेवा. तो कडक पोलादाचा असतो; आत मोडला तर साधं ड्रिल त्याच्यावर चालत नाही आणि दुखणं दुप्पट होतं. माझ्या जुन्या बाईकवर मी हेच करून बसलोय.

तुकडा थोडा तरी बाहेर डोकावतोय का? मग काम सोपं. रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा, सकाळी परत मारा. मग वेल्डिंगवाल्याकडून त्या टोकावर नट वेल्ड करून घ्या. खरी करामत वेल्डिंगच्या उष्णतेची, गंजाची पकड तीच सोडवते. जरा निवलं की पाना लावून पुढे-मागे, पुढे-मागे. एका दमात जोर लावायचा नाही. बॅटरीची वायर मात्र आधी काढा आणि पेट्रोलची टाकी उतरवून लांब ठेवा.

आतच तुटला असेल तर बरोब्बर मधोमध पंच मारून ड्रिल करावं लागतं. ६ मिमीच्या स्टडला (म्हणजे बिनडोक्याच्या बोल्टला) आधी ३, मग ४ मिमी. ५ च्या पुढे गेलात की हेडचे आटे गेलेच. हेड ॲल्युमिनियमचं, ड्रिल लगेच मऊ बाजूला सरकतं. हात बसलेला नसेल तर हेड उतरवून सरळ लेथवाल्याकडे न्या. आटे गेलेच तर तो हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून देईल.

नवे स्टड कुर्ल्याला सीएसटी रोडवर बघा. बसवताना आट्यांना कॉपर ग्रीस लावा, पॅकिंगही नवंच घाला. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत सुका बोल्ट दोन पावसाळ्यांत पुन्हा धरतो.