प्रश्न तुमचे : आभाराचा शब्द फुटत नाही तेव्हा

प्रश्न : आदरणीय पाळकसाहेब, प्रभू येशूच्या नावात सलाम. आमची परळची चाळ पुनर्विकासासाठी रिकामी करून सहा वर्षे झाली. पहिली दोन वर्षे बिल्डरकडून भाडे येत होते. नंतर ते बंद झाले आणि परवडेल असे घर शोधत आम्ही नालासोपाऱ्याला आलो. मिस्टर पहाटेच्या लोकलने निघतात आणि मुले झोपल्यावर परततात. गेल्या महिन्यात माझ्या धाकट्या जावेने ठाण्यात दोन बेडरूमचे घर घेतले. तेथे उपकारस्तुतीच्या प्रार्थनेत प्रत्येकाने साक्ष दिली. माझी पाळी आली तेव्हा तोंडून शब्द फुटला नाही. सासूबाई नंतर म्हणाल्या, "डोक्यावर छप्पर आहे त्याचे आभार मान, कुरकुर करणे पाप आहे." तेव्हापासून प्रार्थनेला बसले की मन चाळीतल्या घराकडे धावते आणि मी तशीच उठते. मी कृतघ्न आहे का?
— एक भगिनी, नालासोपारा

उत्तर : ताई, सलाम. तुमच्या सासूबाईंच्या बोलण्याला शास्त्राचा आधार आहे, हे आधी मान्य करतो. मिसर देशाच्या (इजिप्तच्या) गुलामगिरीतून सुटल्यावर अरण्यात इस्राएल लोकांनी केलेल्या कुरकुरीची आठवण प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला इशारा म्हणून करून दिली आहे. परंतु ती कुरकुर नेमकी कशी होती, हे बायबलमधील गणना या पुस्तकाच्या ११व्या अध्यायात सावकाश वाचावे. रोज मान्ना, म्हणजे देवाने अरण्यात पुरवलेले अन्न, खाऊन कंटाळलेल्या लोकांना मिसर देशातले मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण आठवले, आणि मासे तर तेथे फुकट मिळत होते, असे ते म्हणाले. फुकट! निर्गमच्या ५व्या अध्यायात याच लोकांना पेंढा न पुरवता तितक्याच विटा पाडायला लावले होते आणि त्यांच्या नायकांना (मुकादमांना) फटके मारले होते. पण काकडीच्या आठवणीत त्या विटांना जागा उरली नाही. असंतोष पहिला हात घालतो तो आठवणीला. मीही चाळीतच वाढलो, म्हणून सांगण्याचे धाडस करतो : मला गॅलरीतल्या गप्पा आणि नाताळात घरोघरी जाणारी करंज्यांची ताटे चटकन आठवतात, आणि सामाईक संडासापुढची सकाळची रांग मात्र प्रयत्नाने आठवावी लागते. चाळीतल्या घराकडे धावणाऱ्या तुमच्या मनाला अडवू नका. फक्त ते घर सगळेच्या सगळे, रांगेसकट आठवा.

आता त्याच अध्यायातली दुसरी तक्रार पाहा, जिच्याकडे आम्हा पाळकांचेही सहसा लक्ष जात नाही. लोकांचे रडणे ऐकून त्यांचा पुढारी मोशे देवाला विचारतो की, या सगळ्या लोकांचा भार तू माझ्यावर का घातलास, यांना मी प्रसवलो आहे का. आणि असेच वागवायचे असेल तर मला एकदाचे मारून टाक. हे शब्द लोकांच्या शब्दांपेक्षा सौम्य नाहीत, उलट अधिक कडक आहेत. तरीही लोकांवर देवाचा कोप झाला आणि मोशेला मात्र भार वाटून घेण्यासाठी ७० वडील, म्हणजे लोकांतले वडीलधारे पुढारी, मिळाले. या फरकाचे कारण मला असे दिसते की, लोक आपापल्या तंबूच्या दारात बसून देवाविषयी बोलत होते आणि मोशे देवाशी बोलत होता. तुम्ही प्रार्थनेतून उठता, ताई, तेव्हा तक्रार तुमच्याबरोबरच उठते आणि स्वयंपाकघरात, लोकलमध्ये, जावेच्या दिवाणखान्यात तुमच्या मागे फिरते. ती गुडघ्यांवर असतानाच बोलून टाका. १३व्या स्तोत्राची सुरुवातच "हे परमेश्वरा, कोठवर?" या प्रश्नाने होते, आणि मंडळी शतकानुशतके तो प्रश्न उपासनेत म्हणत आली आहे.

भाड्याचा प्रश्न मी वेगळा काढतो. ठरलेले भाडे बंद करणे हा अन्याय आहे आणि त्याबद्दल उपकार मानण्याची अपेक्षा देव तुमच्याकडून करत नाही. मजुरांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडत आहे आणि ती ओरड सेनाधीश प्रभूच्या कानी गेली आहे, असे नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब धनवानांना सुनावतो. मजुरांनी गप्प बसून समाधान मानावे, असे तो सांगत नाही. चाळ उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत) असेल तर म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे रहिवाशांनी एकत्र अर्ज करावा, कराराची प्रत व भाडे आल्याच्या नोंदी जपून ठेवाव्यात आणि जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मंडळीत असा कोणी असेल तर त्याला सांगायला संकोचू नका. मोशेच्या ७० वडिलांचे काम ते हेच.

जावेच्या घराचे दुःख तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकले आहे, पण बहुधा काटा तेथेच रुतला आहे. ७३व्या स्तोत्रात आसाफ कबूल करतो की, इतरांची भरभराट पाहून त्याला हेवा वाटला आणि त्याचे पाय घसरण्याच्या बेतात होते. तो ज्यांचा हेवा करत होता ते दुष्ट होते. तुमची जाऊ तशी नाही, त्यामुळे तुमची अडचण त्याच्याहून मोठी आहे. तरी आसाफाने केले ते तुम्हालाही करता येईल : हेव्याला हेवाच म्हणून देवापुढे ठेवणे.

लूकच्या १७व्या अध्यायातल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी परत आला तो एकच, हे आपण उपदेशांतून अनेकदा ऐकतो. त्या कथेत मला आणखी एक गोष्ट दिसते. परत आलेला तो शोमरोनी (शोमरोन प्रांतातला माणूस) मोठ्याने देवाचे गौरव करत परतला, आणि थोड्याच वेळापूर्वी त्याने इतरांबरोबर असाच मोठ्याने "आमच्यावर दया करा" असा टाहो फोडला होता. गळा तोच होता. टाहो दाबून ठेवलेल्या गळ्यातून उपकारस्तुती निघत नाही, म्हणून त्या दिवशी ठाण्यात तुमचा शब्द फुटला नाही, असे मला वाटते. तुम्हाला मी कृतघ्न म्हणणार नाही. पौलही फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात संतुष्ट राहायला "शिकलो" असे म्हणतो, आणि ते पत्र लिहिताना तो बंधनात होता.

प्रश्न : आमच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जेवणापूर्वीची प्रार्थना निव्वळ सवय वाटते. मनात भाव नसताना आभार मानणे हा ढोंगीपणा नाही का, असे तो विचारतो.
— एक वाचक, दादर

उत्तर : त्याला सांगा की, सवय हा आरोप खरा आहे आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. प्रभूने भाकर घेऊन उपकारस्तुती केली ती रात्र त्याला धरून देण्यात आले ती होती, आणि भोजनापूर्वी स्तुती करण्याची रीत त्याने लहानपणापासून यहूदी घरात पाहिली असणार. प्रभूभोजनाला ग्रीक भाषेत मिळालेल्या जुन्या नावाचा अर्थही उपकारस्तुती असाच आहे. भाव येईल त्या दिवशी शब्द शोधत बसावे लागू नये, एवढे काम सवय करते. प्रार्थना लांबवू मात्र नका. डबा खाऊन त्याला लोकल पकडायची असते.