दोनदा द्राक्षगर्भ राहिला, आता आयव्हीएफ करावं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की लागोपाठ दोनदा द्राक्षगर्भ राहिला (म्हणजे बाळाऐवजी वारेच्या पेशी द्राक्षांच्या घडासारख्या वाढल्या), आणि आता स्वतःच्या स्त्रीबीजावर आयव्हीएफ, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी, करावं का. माझंही दोनदा हेच झालं, म्हणून कळकळीने सांगते: आधी द्राक्षगर्भ कुठल्या प्रकारचा होता ते शोधा, पैसे मग भरा.

नेहमीच्या पूर्ण द्राक्षगर्भात आईची गुणसूत्रं नसतातच, सगळी बापाकडची असतात. अर्धवट प्रकारात एका बीजात बहुधा दोन शुक्राणू शिरतात. एकदा झालेल्या बाईला पुन्हा होण्याची शक्यता शंभरात एक-दोन. दोनदा झालं की ती १५ ते २० टक्क्यांवर जाते, कारण अशा काही जणींत एनएलआरपी७ किंवा क्वचित केएचडीसी३एल या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यांच्या गर्भात गुणसूत्रं दोघांचीही असतात, पण स्त्रीबीजावर आईकडच्या ज्या रासायनिक खुणा उमटायला हव्यात, त्या उमटत नाहीत. मग स्वतःच्या बीजावर आयव्हीएफ करा, इक्सी (एकच शुक्राणू सुईने बीजात सोडणं) करा, बहुतेक वेळा पुन्हा तेच होतं.

यात नवऱ्याचा दोष नाही. बिघडलेली एकेक प्रत बाईला तिच्या आईवडिलांकडून येते, म्हणून रक्ताचं नातं पाहायचंच तर तिच्या आईवडिलांमधलं पाहायचं. माझे आईबाबा आते-मामे भावंडं.

पहिल्या क्युरेटिंगनंतर (गर्भपिशवी साफ केल्यावर) काढलेला भाग कुणी तपासायलाच पाठवला नाही, ती हळहळ अजून आहे. दुसऱ्या वेळचा पॅराफिन ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला तो तुकडा, लॅबमध्ये होता, त्यावर जनुकीय तपासणी झाली. नुसत्या पी५७ वर (पूर्ण द्राक्षगर्भ ओळखायला त्या तुकड्यावर करतात ती तपासणी) थांबू नका. नेहमीच्या पूर्ण प्रकारासारखाच या जनुकदोषाच्या आनुवंशिक प्रकारातही तो निगेटिव्हच येतो. मग माझं रक्त पाठवलं, त्यात एनएलआरपी७ चा दोष निघाला. तुमच्यात तो नसेल तर स्वतःच्या बीजावर आशा ठेवायला जागा आहे.

माझ्यासाठी उपाय दात्रीच्या, म्हणजे दुसऱ्या बाईने दान केलेल्या, बीजाचा. सासूबाई म्हणाल्या, धाकट्या बहिणीचं घे. पण सख्ख्या बहिणीतही हाच दोष असण्याची शक्यता चारात एक! शेवटी नोंदणीकृत बीज-बँकेतूनच बीज घेतलं. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्याप्रमाणे दात्री २३ ते ३५ वयाची असते आणि आयुष्यात एकदाच बीज देते. मला आता सातवा महिना लागलाय.

हे सगळं ठरेपर्यंत बीटा एचसीजी (गर्भाच्या पेशी रक्तात सोडतात त्या संप्रेरकाची तपासणी) चुकवू नका. मी नागपुरात सक्करदऱ्याहून दर सोमवारी मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात) तपासणीसाठी रक्त द्यायला जायची. पूर्ण द्राक्षगर्भानंतर १५ ते २० टक्के जणींत त्या पेशी वाढत राहतात आणि केमो लागते. डॉक्टर मोकळीक देईपर्यंत दिवस राहू देऊ नका. आणि तुमचा ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये आहे, ते उद्याच फोन करून विचारा.