साठ हजारांचं पाकीट बाळासाठी नाही

इंग्लंडमधल्या लीड्सहून एका आईचं पत्र आलंय. "मावशी, अडीच वर्षांचा मुलगा सप्टेंबरात नर्सरीत जायला लागला आणि तेव्हापासून त्याचं नाक वाहायचं थांबलेलं नाही. प्रतिकारशक्तीच कमी आहे का? सासूबाईंनी पुण्याहून व्हिटॅमिन डी-थ्रीच्या पावडरची पाकिटं पाठवलीत, साठ हजार युनिटवाली. आठवड्याला एक द्या म्हणतात. च्यवनप्राश आणि सी व्हिटॅमिनच्या गमीजही आणल्यात. त्यात तो हल्ली मराठीही बोलत नाही."

अगं, आधी ते पाकीट खाली ठेव.

तुझ्या मुलाला रोज डी लागतं 400 युनिट, म्हणजे 10 मायक्रोग्रॅम. साठ हजारांत त्याचे दीडशे दिवस निघतील, आणि ते तू आठवड्याला देणार? एक ते दहा वर्षांच्या मुलांना दिवसाला 2,000 युनिटांच्या वर देऊ नये असं एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सांगतं. आपल्याकडे ही पाकिटं डॉक्टर मोठ्या माणसांना ठरावीक आठवड्यांसाठी लिहून देतात. सासूबाईंची माया खरी आहे गं, पण जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही, शरीरात साठतं. रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग उलट्या, बद्धकोष्ठ, सारखी तहान, आणि शेवटी किडनीला त्रास.

म्हणून डी नकोच, असं मात्र समजू नकोस. पत्रात एवढी औषधं मोजलीस, पण रोजचे साधे थेंब देतेस की नाही ते कुठेच लिहिलं नाहीस, आणि मला त्याचाच राग आलाय. ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत इथल्या उन्हाला त्वचेत डी तयार करण्याइतका जोर नसतो. काचेआडून तर ते उन्हाळ्यातही होत नाही. त्यात सावळ्या त्वचेला गोऱ्यांपेक्षा जास्त ऊन लागतं. एक ते चार वर्षांच्या मुलांना वर्षभर रोज 10 मायक्रोग्रॅम द्या, हा इथला नियमच आहे. आपल्या मुलांनी पुढेही बारा महिने घेतलेलं बरं. माझ्या दिरांच्या मुलाला इथेच मुडदूस झाला. घरात दूध-तूप भरपूर होतं, थेंब तेवढे नव्हते. पाय बाकदार झाले, चालायला उशीर झाला. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवला तेव्हा मनगटाच्या हाडांची टोकं कुरतडल्यासारखी दिसत होती. जाऊबाईंचा चेहरा मी अजून विसरले नाही.

थेंब आणशील तेव्हा बाटली नीट वाच. काहींत एका थेंबात 400 युनिट असतात, काहींत एका मिलिलिटरात. ड्रॉपर भरून दिल्यानं तान्ह्या बाळांना जादा डोस जाऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएनं, म्हणजे तिथल्या औषध-नियामक संस्थेनं, 2010 मध्येच दिला होता. माझ्या सुनेनं बाटलीवर चिकटपट्टी लावून ठळक लिहिलंय, 'फक्त एक थेंब', म्हणजे बाळाला कुणीही सांभाळलं तरी घोळ नको.

आता सर्दी. डी कमी असेल तर रोगाशी लढणाऱ्या पेशी कमी पडतात, हे खरं. पण ते पुरेसं असताना आणखी ओतून त्या जास्त लढत नाहीत. टोरांटोत एक ते पाच वर्षांच्या सातशेहून जास्त मुलांवर हे पाहिलं गेलं. हिवाळाभर काहींना रोज 400 युनिट दिले, काहींना 2,000. 2017 साली निकाल आला, दोन्हीकडे सर्दीपडसं सारखंच. नर्सरीत नवीन गेलेल्या मुलाला वर्षात सात-आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच. त्याचं शरीर एकेका नव्या विषाणूची ओळख करून घेतंय. माझ्या नातवाचाही पहिला हिवाळा शेंबूड पुसण्यात गेला, पुढच्या वर्षी निम्मं झालं. मात्र श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, पाणीही पीत नसेल किंवा वजन वाढत नसेल, तर थांबू नकोस, लगेच दाखव.

सी व्हिटॅमिन सर्दी झाल्यावर सुरू करून उपयोग नाही, आणि गमीज म्हणजे दाताला चिकटणारी साखर. च्यवनप्राशही औषध म्हणून नको. मराठीचं म्हणशील तर तू बोलत राहा, त्याला सगळं कळतंय.

सासूबाईंना आजच फोन कर. "डॉक्टरांनी रोजचे थेंब सांगितलेत, तेच देतेय" एवढंच म्हण, वाद घालू नकोस. पाकिटं कोपऱ्यावरच्या केमिस्टकडे नेऊन दे, नको असलेली औषधं ते परत घेतात.