'प्रबलन वेळापत्रक' नको, 'रतीब' म्हणा

प्रश्न असा आला आहे: मानसशास्त्राच्या पुस्तकात 'प्रबलन वेळापत्रक' (इंग्रजीत 'शेड्यूल ऑफ रिइन्फोर्समेंट', म्हणजे वर्तनाला बळ देणारी गोष्ट कधी द्यायची याचा नियम) छापलंय, बाई मात्र 'अनुसूची' म्हणतात, बरोबर काय? आणि नकारात्मक प्रबलन म्हणजे शिक्षाच ना?

दुसरं आधी, कारण ते ऐकून कान किटलेत. नाही, शिक्षा नाही! ज्याने वर्तनाला बळ मिळतं, ते वाढतं, तेच प्रबलन. गाडीत पट्टा लावेपर्यंत टुंग-टुंग चालू राहतं, लावला की थांबतं, म्हणून आपण पट्टा लावायला लागतो. कटकट वजा झाली आणि पट्टा लावणं वाढलं. पोलिसाने पावती फाडली तर ती शिक्षा. तिने बिनपट्ट्याने गाडी हाकणं कमी व्हावं, ही अपेक्षा. घोळ 'नकारात्मक' या शब्दाने केलाय. गणितातला 'ऋण' घ्या, 'ऋण प्रबलन' म्हणा.

आता 'वेळापत्रक'. हा शब्द कुणी स्वीकारला तेव्हा विषय पुरता वाचला नसावा. चार्ल्स फर्स्टर आणि बी. एफ. स्किनर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांचा याच विषयावरचा जाडजूड ग्रंथ १९५७चा. त्यातल्या चार मूळ प्रकारांपैकी दोनच घड्याळावर चालतात. उरलेले दोन मोजणीवर: प्रयोगातल्या उंदराने किंवा कबुतराने इतक्या वेळा कळ दाबली की एक दाणा. सोलापुरातली विडी वळणारी बाई हजार विड्यांमागे मजुरी घेते. त्यात वेळ कुठून आली? 'अनुसूची' म्हणजे यादी. घटनेच्या आठव्या अनुसूचीत मराठी आहे, ती यादीच. इथे यादी नाही, कधी द्यायचं याचा नियम आहे. मूळ इंग्रजी 'शेड्यूल' लॅटिनमधल्या पपायरसच्या चिठोरीवरून आलं, तेही नियमाबद्दल काही बोलत नाही.

माझ्या मते हवा तो शब्द रोज सकाळी आपल्या दारात येतो: रतीब. आपण तो दुधापुरता ठेवलाय, पण मूळ अरबी 'रातिब' म्हणजे नेमून दिलेलं, ठरलेलं. हिंदीत 'रातिब' म्हणजे आजही जनावरांचा रोजचा ठरावीक खुराक. उंदीर आणि कबुतरं यांच्यावर उभ्या राहिलेल्या शास्त्राला याहून नेमका शब्द कुठे मिळणार? त्याच र-त-ब धातूतून 'रुतबा' आला, उर्दूतली 'तरतीब' म्हणजे क्रम, मांडणी, तीही आली, आणि आपल्या 'शिक्कामोर्तब'मधलं 'मोर्तब'सुद्धा त्याच घरचं. परिभाषा संस्कृतातूनच घडवायची असा हट्ट धरणारे विद्वान आपल्या निर्णयांवर शिक्कामोर्तब करतात, तेव्हा त्यांना अरबी चालते. मग रतीबानेच काय घोडं मारलंय?

आणि इतिहास तर माझ्याच बाजूने आहे. हे सारं सुरू झालं ते रतीब कमी पडला म्हणून! स्किनर उंदरांसाठी खाद्याच्या गोळ्या स्वतः यंत्रावर पाडत असे. आठ उंदीर, रोज प्रत्येकी शंभर गोळ्या. एका शनिवारी दुपारी त्याने हिशेब केला, तर सोमवारी सकाळी साडेदहापर्यंत साठा संपणार होता. गोळ्या पाडत संध्याकाळ घालवायची नव्हती. मग दर दाबाला गोळी कशाला, मिनिटाला एकच दिली तर? उंदीर थांबले तर नाहीतच, एका लयीत कळ दाबत राहिले. ही हकिकत त्याने १९५६ साली स्वतः लिहून ठेवली आहे.

पुढे दिसलं ते असं की रतीबाचा नियम बदलला की वागण्याची चालच बदलते. ठरावीक दाबांनंतर दाणा असेल तर दाणा मिळाल्यावर प्राणी जरा टेकतो आणि मग सपाटून सुटतो. ठरावीक वेळेने असेल तर सुरुवातीला ढिम्म, वेळ भरत आली की घाई. किती दाबांनी मिळेल हे ठाऊकच नसेल तर विसावा जवळपास नाहीच. जुगाराचं यंत्र असंच चालतं. मोबाइल दर दोन मिनिटांनी उघडण्याला सगळे सर्रास याच प्रकारात घालतात. निदान मेसेज आला का हे बघण्यापुरतं ते चूक आहे. मेसेज त्याच्या वेळेला येणार, तुम्ही किती वेळा बघितलं यावर नाही. तो अनियत, म्हणजे आधी न कळणाऱ्या, काळाचा रतीब, त्याची चाल संथ पण चिवट. आणि कधीमधी मिळणाऱ्या दाण्यावर शिकलेलं वर्तन, दाणा साफ बंद केला तरी, दरवेळी मिळणाऱ्यापेक्षा उशिरा विझतं. दुकानात दहादा नाही म्हणून अकराव्यांदा चॉकलेट घेऊन देणाऱ्या आईबापांनी हे एवढं तरी वाचावं.

एक आक्षेप येणारच: रतीब म्हणजे ठरलेला, मग 'अनियत रतीब' हा वदतोव्याघात नाही का? नाही. प्रयोगात 'अनियत ५०' म्हणजे कधी दहा दाबांनी, कधी नव्वदांनी, पण सरासरी पन्नासच. देणाऱ्याने ती आधीच ठरवलेली असते. ठाऊक नसते ती फक्त कबुतराला.