बातमी कुणाला कधी कळली, हे शोधायचं कसं?

तुम्ही विचारलंय की लढायांचा इतिहास मिळतो, पण तार-टपालाच्या आधी माहिती कशी फिरत होती याचा अभ्यास कुठून सुरू करायचा. मी बरीच वर्षं पेशवेकालीन पत्रं वाचतोय, म्हणून तिथलंच सांगतो.

मजकुराआधी तारखा बघा. पत्रावर लिहिल्याची तारीख असते, आणि नशीब असेल तर पैवस्तीचीही, म्हणजे पत्र पोचल्यावर घेणाऱ्याकडे झालेली नोंद. दोन्हींची वजाबाकी केली की बातमीला वाटेत किती दिवस लागले ते कळतं. एकाच वाटेवरची पन्नास पत्रं अशी वहीत मांडा, मग पावसाळा, नद्या, शत्रूची चौकी सगळं त्या आकड्यांतून दिसायला लागतं.

तारखा मात्र जपून काढा. ‘छ’ म्हणजे चंद्र, मुसलमानी महिन्याची तारीख. ती संध्याकाळी बदलते. वर्ष सुहूर सनाचं, म्हणजे त्या काळच्या कागदांत चालणाऱ्या कालगणनेचं, तेही अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, आपलं १७६०-६१. हे वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. मे आणि जूनच्या पत्रांत इथेच वर्षाची चूक होते. जंत्री, म्हणजे जुन्या तारखा इंग्रजी तारखांशी जुळवणारं कोष्टक, जवळ ठेवा, आणि छापील खंडात संपादकाने दिलेली इंग्रजी तारीखही एकदा स्वतः पडताळा.

पानिपतचंच बघा. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. नानासाहेब पेशव्यांना ती बातमी २४ जानेवारीला भिलशाजवळ (आजचं विदिशा) एका सावकारी पत्रातून कळली, असं इतिहासकार सांगतात. दोन मोती गळाले, मोहरा हरवल्या, हे त्या पत्रातले सांकेतिक शब्द आपण शाळेपासून ऐकतो. मला त्यात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे, की सरकारी जासुदाआधी सावकाराचा कासीद, म्हणजे पत्र नेणारा निरोप्या, पोचला. पैशाच्या वाटेने बातमी लवकर जायची. आणि मधल्या दहा दिवसांत नानासाहेबांनी जे केलं, ते लढाई झालेली ठाऊक नसलेल्या माणसाचं वागणं म्हणूनच तोलायला हवं. आपल्याला शेवट माहीत आहे, त्यांना नव्हता. हे विसरून केलेले आरोप वाचले की मला खरंच वाईट वाटतं.

न सापडलेल्या पत्रांचीही यादी करा. ‘तुम्ही पत्र पाठविले ते पावले’ असं उत्तरात असतं, म्हणजे गहाळ पत्राचा पुरावा तिथेच आहे. पत्रं का आटली तेही बघा. २५ ऑक्टोबर १७६० ला अब्दाली बागपताजवळ यमुना उतरला आणि मराठी फौजेचे सेनापती सदाशिवराव भाऊंचा दिल्लीकडचा रस्ता अडला. त्यानंतर छावणीतून पत्र बाहेर काढणंच अवघड झालं.

सुरुवातीला राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा १८९८ चा पहिला खंड घ्या, त्यात १७५० ते १७६१ चीच पत्रं आहेत. सोबत मोडी, म्हणजे ही पत्रं ज्या लिपीत आहेत ती, शिकायला लागा. वाचता यायला लागली की पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन मूळ कागद बघा, कारण मागच्या बाजूला लिहिलेलं बरंचसं छापलेलंच नसतं.