माशी कळते, तुझी पोटरी नाही कळणार?

अगं पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. "सर, घोडा ऐकतच नाही, सगळे म्हणतात चाबूक घे." घे की. दोन दिवस ऐकेल, मग त्याहून मोठा लागेल. महालक्ष्मीचं रेसचं मैदान १८८३ चं, तेव्हापासून तिथे "ठेवून दे एक" हाच सल्ला चालू असणार.

रविवारी मी कठड्यापाशी उभा होतो. अगं, घोडा निघाला होता! आणि तू तरी टाच मारतच होतीस, पाच पावलं, सहा पावलं, मग त्याला कळणार कसं की त्याने बरोबर केलं? घोडा शिकतो ते दाब सुटतो तेव्हा. पाऊल उचललं की सोड. तेव्हाच, दोन सेकंदांनी नाही.

त्याच्या पोटावर माशी बसली की बघ, तेवढीच कातडी थरथरते. त्याला तुझी पोटरी कळत नाही होय? लोकलमध्ये मागून कोणी रेटलं की आपण पण रेटतोच, पण खांद्याला बोट लावून "दादर?" विचारलं की गपचूप सरकतो ना. आधी नीट बस, पोटरी नुसती टेकव, नाहीच हलला तर जरा दाब, तरी नाही तर एकदाच खणखणीत, आणि हलला की सोड. पुढच्या वेळी परत टेकवण्यापासूनच सुरुवात.

मी बावीसचा होतो तेव्हा एक घोडी होती माझ्याकडे. थांबायची नाही म्हणून लगाम खेचायचो, थांबली तरी खेचूनच धरायचो. पुढचे दात आणि दाढा यांच्या मधे दात नसतात, बिट, म्हणजे लगामाचा तोंडातला लोखंडी तुकडा, तिथल्या नुसत्या हिरडीवर बसतं, खाली लगेच हाड. सहा महिन्यांत तोंड मेलं तिचं, मग कोणालाच थांबेना. आणि मी गावभर सांगत फिरलो, घोडी अडेलतट्टू आहे म्हणून. शेवटी विकली.

हल्ली ऐकतो, लोक म्हणतात, हा म्हातारा पोरांना महिनोन्महिने चाल-थांब, चाल-थांबच करायला लावतो, स्पर्धेला सोडतच नाही. नाही सोडत! माझ्या पोरांचे घोडे दोन बोटांवर थांबतात, तेवढं मला पुरे. बरं, मी चिडलो नाहीये तुझ्यावर.

शनिवारी सहाला ये, चाबूक घरी ठेव. आणि गूळ खिशात आणू नकोस, मागच्या वेळी माझा शर्ट फाडला त्याने.